तिसऱ्या मजल्यावरचे पाहुणे

आमच्या समोरच्या दारातले गृहस्थ छप्पन्नाव्या वर्षी लग्नाला उभे राहिलेत, ही बातमी इमारतीत पसरवली ती मीच. आता कबूल करायला हरकत नाही. पण पुरावे तरी बघा. दर रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला हा माणूस दाढी घोटून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, बगलेत फाइल मारून जिना उतरायचा. माझं चष्म्याचं दुकान जिन्याच्या तोंडाशीच आहे, त्यामुळे कोण कुठल्या शर्टात गेलं हे मला विचारावं लागत नाही. त्यातच एका गिऱ्हाइकाने सांगितलं की हे गृहस्थ त्याच्या शेजाऱ्यांकडे आले होते. चहा घेतला, बिस्किटाला नको म्हणाले, दोन्ही खोल्या नजरेखालून घातल्या, घरच्यांना चार प्रश्न विचारले आणि "कळवतो" म्हणून उठले. पुढच्या रविवारी वेगळा रस्ता, वेगळं घर.

आता याला दुसरं काय म्हणायचं? बायको म्हणाली, "अहो, पण मग ती फाइल कशाला?"

मी म्हटलं, "या वयात माणूस सगळं लेखी घेतो."

शेवटी एका सोमवारी मी त्यांना जिन्यातच गाठलं.

"काय साहेब, कालचं पसंत पडलं का?"

ते थांबले. विचार करून म्हणाले, "घर बरं आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीला गज नाहीत, ते बसवून घ्या म्हटलंय."

"आणि माणसं कशी?"

"बाई शांत आहेत. नवरा जरा तापट वाटला."

"नवरा?" मी जिन्याचा कठडा धरला.

मग त्यांनी समजावून सांगितलं. ज्यांना मूल दत्तक घ्यायचं असतं त्यांचं घर पाहायला सरकारी कार्यालयातून एक माणूस जातो. घर कसं, माणसं कशी, मूल तिथे नांदेल का, हे तो तपासतो आणि अहवाल लिहितो. समिती तो अहवाल वाचते आणि मूल द्यायचं की नाही ते ठरवते. तो माणूस म्हणजे हे. सव्वीस वर्षं हेच काम. रविवारी जायचं ते लोक घरी सापडतात म्हणून.

माझी बातमी एका मिनिटात वारली. तिच्या बदल्यात मी त्यांना एक टोपणनाव देऊन टाकलं. कार्डावर 'गृहभेट अधिकारी' छापलेलं होतं, पण एवढं लांबलचक जिन्यातून हाक मारायला बरं पडत नाही. मी त्यांना 'पाहुणे' म्हणायला लागलो आणि हळूहळू सगळी इमारत म्हणायला लागली. उभा जन्म दुसऱ्यांच्या घरात खुर्चीच्या टोकावर बसण्यात गेलेला. आमच्या इमारतीत राहायला येऊन अकरा वर्षं झाली तरी जिना असा चढायचे, जणू कुणाचा तरी पत्ता विचारायला आलेत.

त्यांच्या चष्म्याचा डावा स्क्रू सारखा ढिला व्हायचा. दोन-तीन आठवड्यांनी ते दुकानात यायचे आणि मी तो घट्ट करीपर्यंत स्टुलावर बसायचे. चष्मा माझ्या हातात, त्याशिवाय त्यांना पायरी दिसत नाही, म्हणजे पळून जायची सोय नाही. जे काही मला कळलं ते या दहा-दहा मिनिटांत. स्क्रू मी मुद्दाम थोडा ढिलाच ठेवायचो, असं बायको म्हणते. तिचं काय ऐकता.

नाव-गाव ते कधी सांगत नसत. पण कामाची रीत सांगायचे. कुणाच्याही घरी गेलं की आधी दारातल्या चपला मोजायच्या. अर्जात माणसं तीन आणि चपला सात जणांच्या असतील तर उरलेले चार कोण, हे विचारायचं. मग खुर्ची नाकारून दोन मिनिटं जमिनीवर बसायचं, कारण तीन फुटांवरून घर वेगळंच दिसतं. टेबलाचे कोपरे दिसतात, लोंबणाऱ्या वायरी दिसतात. मग नवऱ्याला एकट्याला विचारायचं, "भांडण झालं की आधी कोण बोलतं?" नंतर तोच प्रश्न बायकोला. दोघांची उत्तरं जुळली तर उत्तम. दोघांनीही "आधी मीच बोलतो" असं सांगितलं तर त्याहून उत्तम. आणि "आमच्यात भांडणंच होत नाहीत" असं कुणी म्हणालं, तर आणखी एक फेरी.

"लोक आधीपासून पाठ करून ठेवत असतील ना?" मी विचारलं.

"ठेवतात. एका घरी सासूबाई उसन्या आणल्या होत्या."

"सासूबाई?"

"घरात मोठं माणूस असलं की अहवाल चांगला जातो, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. बाई छान बोलल्या. सुनेचं कौतुक केलं. फक्त निघताना त्यांनी मला विचारलं, बाथरूम कुठे आहे."

मी खुर्चीवरून पडायचा राहिलो. ते हसले नाहीत. "त्यांना मूल दिलं," म्हणाले. "म्हातारी उसनी मिळते, म्हणजे शेजार चांगला आहे."

एक प्रश्न मात्र ते कुणालाच विचारत नसत, स्वतःच शोधायचे. मूल रुसलं तर या घरात कुठे जाऊन बसेल? कपाटाशेजारची फट, पलंगाखालची जागा, गॅलरीतला कोपरा. ज्या घरात रुसायला जागा नाही तिथे ते घरच्यांना म्हणायचे, सामान थोडं सरकवा.

हे सगळं ऐकायला मजा यायची. पण या नोकरीत एक नियम होता.

अहवाल दिला की त्या घराशी संबंध संपला. परत जायचं नाही, फोन करायचा नाही, वाढदिवसाला बोलावलं तरी नाही. मूल रुळतंय की नाही हे पाहायला दुसरा अधिकारी जातो. म्हणजे सव्वीस वर्षांत हजारावर घरांत या माणसाने चहा प्यायला, त्यांची भांडणं ऐकली, कपाटं पाहिली, त्यांना रडताना पाहिलं, आणि त्यातल्या एकाही दारात पुन्हा उभं राहायची सोय नाही. शिवाय ते लोकच ओळख दाखवत नाहीत. कित्येकांनी मुलाला दत्तक असल्याचं अजून सांगितलेलं नसतं. बाजारात हे समोरून दिसले की बाप चटकन भाजीच्या गाड्यावर वाकतो.

एकदा माझ्या डोळ्यांदेखत घडलं. पाहुणे स्टुलावर बसलेले, मी स्क्रू पिळतोय, आणि एक बाई आठेक वर्षांच्या मुलीला चष्मा करायला घेऊन आत आल्या. त्यांनी पाहुण्यांना पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं यांना पाणी द्यावं लागणार. पाहुणे उठले, भिंतीवरच्या आरशाकडे तोंड केलं, रॅकवरची एक मोठी फ्रेम उचलून डोळ्यांवर चढवली आणि तसेच पाठमोरे उभे राहिले. त्या फ्रेमला काच नव्हती. माझ्या हातातल्या चष्म्याशिवाय त्यांना आरशात स्वतःचं नाकही दिसत नसणार. मी मुलीचा नंबर तपासला, फ्रेम पसंत झाली, वीस मिनिटं गेली. ते हलले नाहीत. जाता जाता मुलगी आईला म्हणाली, "त्या आजोबांना तो चष्मा खूप मोठा होतो."

"खरं आहे," पाहुणे आरशाला म्हणाले आणि फ्रेम काढून ठेवली.

त्या दोघी गेल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, "नंबर किती निघाला?"

"दीड."

"तेव्हा नव्हता," म्हणाले, आणि आपला चष्मा घेऊन वर गेले.

त्यांच्या घराविषयी मला काय माहीत, तर दार उघडं असताना जेवढं दिसतं तेवढं. एक टेबल, एक खुर्ची. दुसरी खुर्ची नाही, हे मी नक्की सांगतो, कारण मी अकरा वर्षं ती शोधतोय. जेवणाच्या वेळी एकाच ताटाचा आवाज. रेडिओ लागायचा तो फक्त बातम्यांपुरता. लग्न केलं नव्हतं की झालेलं मोडलं, आई-वडील कुठले, भाऊबहीण आहेत का, मला माहीत नाही. माझ्यासारख्या माणसाला हे वाक्य लिहायला किती जड जातं ते माझी बायको सांगेल. आम्ही त्यांना दोनदा जेवायला बोलावलं. एकदा ते आले. जेवणभर आमच्या गॅलरीच्या कठड्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "दोन गजांमध्ये अंतर जास्त आहे." आमची मुलं तेव्हा कॉलेजात होती. दुसऱ्यांदा त्यांनी स्वतःच नको म्हटलं. "कुणाच्याही घरात मला नुसतं बसता येत नाही हो," म्हणाले. "तुम्हाला त्रास, मलाही."

आता खरी गोष्ट. त्यांच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर, एक जोडपं राहतं. नऊ वर्षं झाली त्यांना इथे. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो आणि राहतो मात्र लिफ्ट नसलेल्या इमारतीत, यावरून मी त्याला यथेच्छ छळलंय. बायको शाळेच्या बसवर मदतनीस. आम्ही तिला बसताई म्हणतो. रोज दुपारी बत्तीस मुलांना हाताला धरून बसमधून उतरवायचं, ज्याच्या त्याच्या आईच्या ताब्यात द्यायचं आणि रिकाम्या हाताने घरी यायचं. तिने मूल दत्तक मागितलं होतं. चार वर्षं यादीत होती. शेवटी बालगृहाने त्यांना एक मुलगी सुचवली, साडेपाच वर्षांची. दोघं जाऊन भेटून आले. बसताईने माझ्या दुकानात येऊन मुलांच्या फ्रेम बघितल्या. मुलीला चष्मा लागत नाही, तरी.

फक्त घराची तपासणी राहिली होती. महिनाअखेरीपर्यंत अहवाल मंजूर झाला तर मुलगी यांची. नाही झाला तर यादीतल्या पुढच्या घराची. कार्यालयात तपासणी करणारे दोनच. दुसरीचा पाय मोडून प्लास्टरमध्ये. फाइल आली पाहुण्यांकडे.

फाइलीतल्या पहिल्या कागदावर एक रकाना असतो. 'अर्जदारांशी ओळख: आहे / नाही.' ओळख असेल तर तो अधिकारी तपासणी करू शकत नाही. पाहुण्यांनी पत्ता वाचला. आपल्याच पायाखालचं घर. त्यांनी बराच वेळ विचार केला, असं त्यांनीच नंतर समितीला सांगितलं. नऊ वर्षांत त्या नवऱ्याशी आपण काय बोललो? "पाणी आलं का?" हे दोनदा. बायकोशी? काही नाही. मग त्यांनी 'नाही'वर खूण केली.

भेटीच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून एक मजला उतरले आणि त्यांनी बेल वाजवली. लिफ्टवाल्याने दार उघडलं. पुढचं मला त्यानेच नक्कल करून दाखवलं.

"नमस्कार. मी कार्यालयातून आलोय."

"साहेब, तुम्ही वरचे ना?"

"हो. पण आज कार्यालयातून आलोय."

दुसरी भेट न कळवता द्यायची असते. त्या दिवशी ते वरून उतरले नाहीत. आधी कार्यालयात गेले, तिथून बसने परत आले आणि रस्त्यावरून जिना चढून दुसऱ्या मजल्यावर थांबले. मी दुकानातून ओरडलो, "अहो, घरातनंच उतरायचं ना, बस कशाला?" तर म्हणाले, "वरून गेलो तर ती भेट होत नाही, शेजार होतो."

घर त्यांना आवडलं असावं. बसताई सांगत होती, ते खाली बसले, मग शिलाई मशिनच्या मागच्या फटीकडे बघायला लागले. ती म्हणाली, "तिथे मी बसते, यांच्याशी बोलायचं नसलं की. तिला देईन मी ती जागा." त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

अहवाल गेला. महिना संपायला नऊ दिवस होते. नियमाप्रमाणे समितीच्या मॅडम एकदा स्वतः येऊन शेजाऱ्यांशी बोलतात. त्या आल्या त्या नेमक्या माझ्याच दुकानात.

मी जोडप्याची स्तुती केली. मनापासून केली. मॅडम लिहून घेत होत्या. बाजूला कोण, खाली कोण, विचारत होत्या. मग म्हणाल्या, "आणि यांच्या वरच्या घरात?"

इथे गप्प बसायचं होतं. पण समोर श्रोता बसलेला आणि माझ्या तोंडात एवढं चविष्ट वाक्य.

"वर? वर तुमचेच साहेब राहतात की! तुम्ही नेमलंय त्यांना आणि तुम्हाला माहीत नाही? म्हणजे तपासणाऱ्यांची तपासणी आता मी करायची म्हणा!"

मी हसलो. मॅडमचं पेन थांबलं.

दुसऱ्या दिवशी पत्र आलं. अधिकाऱ्याने ओळख लपवली असल्याने अहवाल स्थगित, शुक्रवारी समितीपुढे सुनावणी, सर्व संबंधितांनी हजर राहावे. 'सर्व संबंधितां'मध्ये माझंही नाव होतं.

बसताई दुकानात आली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"काका," ती म्हणाली, "नऊ वर्षं तुम्ही बोलता आणि आम्ही हसतो. मी काही म्हणते का? फक्त ह्या महिन्यात... एवढा एक महिना राहिला होता हो." आणि बसची वेळ झाली म्हणून गेली.

पाहुण्यांची माफी मागायला मी वर गेलो. ते दारात उभं राहूनच बोलले. "तुम्ही खरं तेच सांगितलंत. मीही खरं तेच लिहिलं होतं. आता दोन्ही एकदम कसं खरं, ते शुक्रवारी सांगावं लागेल."

समितीची खोली म्हणजे एक लांब टेबल, त्यामागे मॅडम आणि आणखी दोघे, कोपऱ्यात टाइप करणारा कारकून. भिंतीवर बालगृहातल्या मुलांनी काढलेली चित्रं. पाहुणे टेबलाच्या या बाजूला बसले होते. सव्वीस वर्षं ते त्या खोलीत यायचे ते त्या बाजूला बसायला.

"नऊ वर्षं एकाच जिन्याने जाता-येता," मॅडम म्हणाल्या, "आणि ओळख नाही?"

"नाही."

"यांची नावं?"

"फाइलीत वाचली."

"त्यांच्या घरी पहिल्यांदा कधी गेलात?"

त्यांनी पहिल्या भेटीची तारीख सांगितली.

"ते तुमच्याकडे कधी आले?"

"आले नाहीत."

"कधीच? काही मागायला, द्यायला?"

"माझ्याकडे कोणी येत नाही मॅडम."

"कोणी म्हणजे?"

ते बोटांवर मोजू लागले. आठवत होते. मग जसं दुसऱ्याच्या घराबद्दल सांगतात त्याच आवाजात सांगायला लागले. "गॅसवाला येतो. मीटर बघणारा येतो. चार वर्षांपूर्वी एक माणूस आला होता, त्याला चौथा मजला हवा होता. त्याला पाणी दिलं. एवढेच."

कारकुनाचे हात टाइप करताना मंदावले. मॅडमनी पाहुण्यांना बाहेर बसवलं आणि जोडप्याला एकेकटं विचारलं, अगदी पाहुणे विचारतात तसंच. मी तिथेच होतो, भिंतीशी. लिफ्टवाल्याला विचारलं, वरच्या माणसाबद्दल काय माहीत आहे. तो डोकं खाजवून म्हणाला, "चपला हळू काढतात. आवाज येत नाही कधी. मला तर बरीच वर्षं वाटायचं वरचं घर रिकामंच आहे." बसताई म्हणाली, "खोटं कशाला बोलू, मॅडम. आम्ही त्यांना पाहुणेच म्हणतो. खरं नाव मला कागदावर कळलं."

मग माझी पाळी.

"तुम्ही तर समोरासमोर राहता," मॅडम म्हणाल्या. "आणि बोलायला तुम्हाला आवडतं, हे मी पाहिलंय. सांगा. यांचं कुणाशी जाणं-येणं आहे? मित्र? नातेवाईक? सणावाराला कोणी?"

आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या अधिकारी बाईने मला समोर बसवून शेजाऱ्याची सगळी माहिती विचारली होती. माझ्याकडे सासूबाईंचा किस्सा होता, स्क्रू होता, एका ताटाचा आवाज होता. यातलं काहीच तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

"मला काही माहीत नाही," मी म्हणालो.

"अकरा वर्षांत?"

"जेवायला एकदा आले होते. गजांमधलं अंतर जास्त आहे म्हणाले."

कोणी हसलं नाही. मीही नाही.

पाहुण्यांना आत बोलावलं. मॅडमचा आवाज आता खाली आला होता. "एकच प्रश्न राहिला. हा नियमाचा नाही, तसा. तुम्ही आजारी पडलात तर कोण येतं?"

"अजून पडलो नाही."

मॅडमनी फाइल मिटली, बाजूच्या दोघांशी बोलल्या आणि कारकुनाला मजकूर सांगितला. कायद्याप्रमाणे तो संबंधितांना वाचून दाखवावा लागतो. कारकुनाने उभं राहून वाचला. 'साक्षींवरून असे सिद्ध होते की सदर अधिकाऱ्याचा अर्जदारांशी, तसेच इमारतीतील अन्य कोणत्याही व्यक्तीशी, ओळखीचा संबंध नाही. अहवाल ग्राह्य धरण्यात येत आहे. अंतिम आदेश होईपर्यंत, म्हणजे एक वर्ष, अधिकाऱ्याने सदर कुटुंबाशी संपर्क ठेवू नये.'

बसताई तोंडावर हात ठेवून रडत होती, लिफ्टवाला तिची पर्स घट्ट धरून उभा होता. पाहुण्यांनी तो कागद ओढून घेतला, दोनदा वाचला, एके ठिकाणी स्वल्पविराम घातला आणि सही केली.

परतताना आम्ही चौघे एकाच बसमध्ये होतो. ते पुढच्या दाराशी उभे, आम्ही तिघे मागे.

मुलगी आली. सांगायला नकोच, इमारतीचा ताबा तिने आठवड्याभरात घेतला. कोण काय करतं, कुणाचे किती दात पडलेत, सगळं तिला माहीत. माझी जागा ती घेणार हे स्पष्ट आहे. दुकानात येऊन रॅकवरच्या सगळ्या फ्रेम डोळ्यांवर चढवते आणि मला विचारते, "आता मी कोण?" जिन्यात भेटेल त्याला नाव विचारते. पाहुण्यांनाही विचारलं. ते कठड्याला चिकटून उभे राहिले, तिला जाऊ दिलं, मान किंचित हलवली आणि वर गेले.

"ते वरचे आजोबा बोलतच नाहीत," ती माझ्याकडे तक्रार घेऊन आली. "त्यांना ऐकू येत नाही का?"

"येतं," मी म्हटलं. "पण वरच्या मजल्यावर बोलायला परवानगी लागते."

तिला ते पटलं. मोठी होईल तेव्हा मला फाडून खाईल.

तिच्या धावण्याचा आवाज वरच्या घरात सगळा ऐकू जात असणार. रेडिओ आताशा बातम्यांनाही लागत नाही. पाहुणे पूर्वी साडेसहाला यायचे, आता पाचलाच येतात. का येतात, मी विचारलेलं नाही. विचारायला लागलो तर बायको डोळे मोठे करते.

पण परवा त्यांचा स्क्रू पुन्हा ढिला झाला आणि मला राहवलं नाही. वरून त्या पोरीचं गाणं ऐकू येत होतं, दोन ओळी सोडून सगळे शब्द चुकीचे. ते स्टुलावर बसून ऐकत होते, चष्म्याविना, डोळे बारीक करून, जणू आवाजही चष्म्याने स्पष्ट होतो.

मी म्हटलं, "साहेब, वर्ष संपायला अजून आठ महिने. तोवर तिची ही गाणी बदलतील. आणि वर्ष संपलं तरी तुम्ही काय खाली उतरणार आहात? नऊ वर्षं एक मजला खाली माणसं राहत होती, एक साधा चहा प्यायला गेला नाहीत. अख्ख्या इमारतीत कुणाशी ओळख केली नाहीत. काय मिळवलंत सांगा बरं?"

त्यांनी हात पुढे केला. मी चष्मा दिला. तो त्यांनी नीट कानांवर बसवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले,

"ओळख केली असती, तर ती आली नसती."